ब्रॅम्लेच्या शेजारी कोण?

नोव्हेंबर जवळ आला की कुणा ना कुणाचा फोन येतो. बहुतेक वेळा नुकतंच घर घेतलेलं एखादं मराठी जोडपं असतं. "ताई, मागच्या अंगणात सफरचंदाचं एक झाड लावायचंय. कुठली जात घेऊ?" पाऊण तास बोलूनही माझं सांगून संपत नाही, म्हणून या वेळी लिहूनच काढते.

आमचं घर इंग्लंडमध्ये, नॉटिंगहॅमला आहे. मागे तेरा मीटर लांब आणि सात मीटर रुंद जागा. माती चिकण. पावसाळी दिवसांत फावडं आत गेलं तर बाहेर येत नाही आणि उन्हाळ्यात भेगा पडतात. एवढ्याशा जागेत आज सफरचंदाची चार झाडं आहेत. पाचवं होतं, ते मी माझ्या हाताने तोडलं.

पहिलं झाड ब्रॅम्ले या जातीचं. २०१२ साली, घर घेतलं त्याच वर्षी, एका मोठ्या दुकानाच्या बागविभागातून कुंडीतलं रोप उचलून आणलं. लेबलवर हिरव्या सफरचंदाचा फोटो आणि खाली नाव, एवढंच. खुंट, म्हणजे ज्या मुळाच्या झाडावर कलम बांधतात तो, कुठला ते लिहिलेलं नव्हतं. मी कोकणातली, पावसजवळच्या गावातली. बाबांनी उभा जन्म आंब्याची कलमं बांधली आणि तरी खुंटाबद्दल एक शब्द न विचारता मी झाड घरी आणलं. त्याची किंमत अजून दर हिवाळ्यात शिडी लावून, करवत घेऊन मोजते आहे. झाड पाच मीटरच्या वर गेलंय आणि अर्ध्या अंगणावर त्याची सावली असते.

तिसऱ्या वर्षी अकरा फळं लागली. एकेक फळ तळहातात मावेना. पुढच्या वर्षी दोन पिशव्या भरल्या. मग २०१७ उजाडलं. झाड फुलांनी भरून गेलं आणि फळं लागली तीन. त्या वर्षी एप्रिलच्या शेवटी जबरदस्त फ्रॉस्ट, म्हणजे सगळं गोठवणारा गारठा, पडला होता. मी फुलं उघडून पाहिली तेव्हा बाहेरून पाकळ्या छान गुलाबी-पांढऱ्या दिसत होत्या आणि मधला भाग काजळ लावल्यासारखा काळा. म्हटलं, थंडीनेच गेलं सगळं. पण २०१८ च्या वसंतात तसा फ्रॉस्ट नव्हता, फुलं होती, मधमाश्याही होत्या. तरी फळं चार!

बाबांना फोन केला. त्यांनी सफरचंदाचं झाड आयुष्यात पाहिलेलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एकटंच आहे का गं ते? आपण हापूसच्या बागेत मधून मधून पायरी, केशर ठेवतो. तसं काही त्याला लागत असेल तर बघ."

फोन ठेवला आणि माडीवरच्या खिडकीत जाऊन उभी राहिले. डावीकडचं दुसरं घर. तिथे एक जुनं, वाकलेलं सफरचंदाचं झाड होतं. होतं, म्हणजे आता नव्हतं. त्या काकूंनी २०१६ च्या हिवाळ्यात ते तोडून तिथे फरशी घातली होती. मधमाशीला कुंपणं कळत नाहीत. माझ्या ब्रॅम्लेला इतकी वर्षं पराग त्यांच्या झाडाचा मिळत होता आणि मला पत्ताच नव्हता.

म्हणून जात निवडताना मी पहिला प्रश्न चवीचा विचारत नाही. शेजारी कोण आहे, हे विचारते. सफरचंदाच्या बहुतेक जातींना स्वतःचा पराग चालत नाही, दुसऱ्या जातीचा लागतो. एकाच जातीची दोन झाडं लावून उपयोग नाही, कारण दोन्ही कलमं म्हणजे मुळात एकच झाड. आणि दुसरी जात त्याच सुमाराला फुलणारी हवी. इथल्या रोपवाटिका याद्यांमध्ये प्रत्येक जातीपुढे फुलण्याच्या गटाचा आकडा छापतात. आपला आकडा आणि त्याच्या मागचा-पुढचा चालतो. ब्रॅम्ले तिसऱ्या गटातली.

ब्रॅम्लेची आणखी एक अडचण आहे. नेहमीच्या सफरचंदात गुणसूत्रांचे दोन संच असतात, सतरा-सतराचे. ब्रॅम्लेत तीन, म्हणजे एकूण एक्कावन्न. त्यामुळे तिचा पराग कुणाच्या कामाचा नाही. ती घेते, देत नाही. तुम्ही ब्रॅम्लेशेजारी एकच दुसरं झाड लावलंत तर ब्रॅम्लेला फळ धरेल, पण त्या दुसऱ्याला पराग देणार कोण? आसपास कुणाकडेच सफरचंद नसेल तर ब्रॅम्ले म्हणजे तीन झाडांचा हिशेब. हे मला कुणी दुकानात सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ब्लेनहाइम ऑरेंजचंही असंच आहे, म्हणून ती कितीही आवडली तरी लहान अंगणात एकटी लावू नका.

२०१९ च्या वसंतात माझी नवी झाडं जेमतेम काडीएवढी होती. मैत्रिणीच्या दारात क्रॅब ॲपल, म्हणजे लहान, आंबट फळांचं सफरचंदच, फुललेलं. त्याचा पराग ब्रॅम्लेला चालतो. तिच्याकडून हातभर लांबीच्या आठ-दहा फांद्या आणल्या, बादलीत पाणी घालून त्यात उभ्या केल्या आणि बादली ब्रॅम्लेखाली ठेवली. पाच दिवस रोज सकाळी पाणी बदलत होते. दुसऱ्या दिवशी एक गलेलठ्ठ भुंगमाशी बादलीतल्या फुलावरून उठली, पोटऱ्यांना पिवळी पूड लागलेली, आणि थेट वर ब्रॅम्लेच्या फुलात शिरली. त्या वर्षी बेचाळीस फळं उतरवली. एकेक मोजली.

आता खुंट. आंबेवाल्यांच्या घरात हे समजावायला लागत नाही. बाठा पेरला की रायवळ उगवणार, आईसारखं झाड मिळेलच असं नाही. सफरचंदाचं याहून कडक. बी रुजवली की दर वेळी नवीनच काहीतरी जन्माला येतं, बहुतेक वेळा आंबट आणि लहान. क्वचित एखादं सोनं निघतं. आमच्याकडून बसने तासाभरात साउथवेलला जाता येतं. तिथे १८०९ साली मेरी ॲन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीने सफरचंदाच्या बिया पेरल्या. पुढे १८४६ मध्ये ते घर मॅथ्यू ब्रॅम्ले या खाटकाने विकत घेतलं. १८५६ मध्ये हेन्री मेरीवेदर हा सतरा वर्षांचा रोपवाटिकेतला मुलगा कलमासाठी काड्या मागायला आला. ब्रॅम्लेने दिल्या, पण झाडाला माझं नाव द्यायचं या अटीवर. जिने बी लावली तिचं नाव राहिलं नाही, याचं मला दर वेळी वाईट वाटतं. जगातली प्रत्येक ब्रॅम्ले त्या एका झाडाची काडी आहे. माझ्या अंगणातलीसुद्धा.

तर काडी कुणाची हे नावात कळतं. झाड किती वाढणार, किती लवकर धरणार, आधार लागणार की नाही, हे खालचा खुंट ठरवतो. केंटमधल्या ईस्ट मॉलिंग संशोधन केंद्रात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या खुंटांची नीट वर्गवारी झाली, म्हणून त्यांच्या नावात मॉलिंगचा एम. एम २७ सगळ्यांत ठेंगणा, माणसाच्या उंचीच्या आसपास. पण मुळं अशक्त, माती चांगली नसेल तर झाड कुढत राहतं. कुंडीसाठी ठीक. एम ९ अडीच-तीन मीटर. दोन-तीन वर्षांत फळ देतो, पण जन्मभर काठीचा आधार लागतो. एम २६ त्याहून जरा दणकट. एमएम १०६ चार मीटरच्या आसपास, आणि तो लोकरी मावा या किडीला दाद देत नाही. त्यातला दुसरा एम मर्टनचा, तिथल्या जॉन इन्स संस्थेबरोबर मिळून ही मालिका काढली म्हणून. एम २५ शेतातल्या मोठ्या झाडासाठी. घरामागे त्याचं नावही काढू नका. आणि ब्रॅम्लेसारखी दांडगी जात कुठल्याही खुंटावर सांगितलेल्यापेक्षा एक पायरी वरच जाते. माझा सल्ला मातीप्रमाणे आहे: आमच्यासारखी चिकण माती असेल तर एम २६ किंवा एमएम १०६, आणि पाणी साचत असेल तर आधी पाण्याची वाट करा, मग झाडाचं बघा.

लावताना एक गोष्ट मात्र बाबांनी मला फोनवरून तीनदा बजावली. "कलमाचा सांधा मातीत पुरू नकोस." सांधा मातीत गेला की वरच्या काडीलाच मुळं फुटतात, आणि ठेंगणा खुंट असून नसल्यासारखा होतो. सांधा जमिनीच्या वर चार बोटं दिसला पाहिजे. इथे नोव्हेंबर ते मार्चमध्ये पानं झडलेली, उघड्या मुळांची झाडं मिळतात. ती कुंडीतल्यापेक्षा स्वस्त असतात, जातीही खूप मिळतात, आणि खुंटाचं नाव लेबलवर असतं. नसेल तर विचारा. सांगता येत नसेल तर घेऊ नका.

आता चव. इथल्या सुपरमार्केटमधली सफरचंदं म्हणजे मुख्यतः गाला, ब्रेबर्न, पिंक लेडी. ती नावं मनात धरून झाड घ्यायला जाऊ नका. पिंक लेडीला पिकायला जेवढा लांब, उबदार शरद लागतो तेवढा आमच्या मिडलंड्समध्ये, म्हणजे मध्य इंग्लंडात, नसतो. घरच्या झाडाचा फायदाच हा की जी फळं ट्रकमधून प्रवास करू शकत नाहीत ती आपल्याला खाता येतात. ऑक्टोबरमध्ये ठिकठिकाणी ॲपल डे असतो. १९९० मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनला पहिला झाला. तिथे टेबलावर वीस-तीस जाती कापून ठेवलेल्या असतात. जा आणि खाऊन बघा. जमल्यास केंटमध्ये फॅव्हरशमजवळ ब्रॉगडेलला जा. राष्ट्रीय फळसंग्रह तिथे आहे, सफरचंदाच्या दोन हजारांहून जास्त जाती. आम्ही एकदा गेलो. तिसऱ्या ओळीपर्यंत येता येता माझ्या मुलीच्या वहीत सतरा नावं झाली होती आणि सतरांतली दोनच आमच्या अंगणात जमण्यासारखी होती.

एग्रेमॉन्ट रसेट तिथेच हाती लागली. आपल्या माणसांना ही पहिल्यांदा दाखवली की कुणी हात लावत नाही. तांबूस-तपकिरी, खरखरीत साल, अगदी चिकूसारखी. बोट फिरवलं तर बारीक पॉलिशपेपर. माझी मुलगी तिला अजून चिकू-सफरचंदच म्हणते. आत फळ पांढुरकं, कोरडसर आणि चवीला भाजलेल्या सुक्यामेव्याची आठवण करून देणारं. रस ओघळत नाही, म्हणून काहींना आवडत नाही. मला चीजबरोबर नाही, भाजलेल्या शेंगदाण्यांबरोबर आवडते. जात जुनी, ससेक्सची समजतात, १८७२ पासूनची नोंद आहे. स्कॅब, म्हणजे पानाफळांवर डाग पाडणारी बुरशी, सहसा धरत नाही. दुसऱ्या गटात फुलते, म्हणजे बाकीच्यांच्या जरा आधी, पण तिच्या शेवटच्या फुलांशी त्यांची गाठ पडते.

ऑगस्टसाठी डिस्कव्हरी. एसेक्समध्ये फळबागेत काम करणाऱ्या एका माणसाने वूस्टर पेअरमेनच्या बीपासून वाढवलेलं झाड. लालभडक फळ, चावलं की सालीखालच्या गरात गुलाबी रंग झिरपलेला दिसतो. पिकल्यापासून आठवडाभर स्वर्ग, मग पिठूळ. टिकवायचा विचार करू नका, झाडाखाली उभं राहून खा. फुलं गारठ्याला बऱ्यापैकी तोंड देतात. याची एक खोड लक्षात ठेवा: फळ बरंचसं फांद्यांच्या टोकाला धरतं. कुंपणालगत एकच सरळ दांडा ठेवून छाटतात तसं हे झाड वाढवायला गेलात तर छाटणीतच फळं जातील.

आणि कॉक्स. कॉक्सेस ऑरेंज पिपिन. १८२५ च्या सुमारास स्लाउजवळ कोलनब्रुकला रिचर्ड कॉक्स या मद्याच्या भट्टीतून निवृत्त झालेल्या माणसाने बीपासून वाढवलेली. इंग्रज माणूस हिच्याबद्दल बोलताना आपण हापूसबद्दल बोलतो तसा हळवा होतो, आणि मला ते पटतं. चांगलं पिकलेलं कॉक्स कानाशी धरून हलवलं तर आत बिया खुळखुळतात. आंबट, गोड, आणि वर एक वास, जो दुसऱ्या कुठल्याच सफरचंदात मला सापडला नाही. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये मी तेच लावलं, एम ९ वर. सगळ्यांनी सांगितलं होतं की आमच्या ओल्या, थंड मातीत ते रडतं. पण मन मानेना.

दुसऱ्या उन्हाळ्यात पानांवर भुरी, फळांवर स्कॅबचे काळे डाग. चौथ्या हिवाळ्यात खोडावर दोन बोटांएवढी जागा आत दबलेली दिसली. सालीचे पापुद्रे कांद्यासारखे एकावर एक सुटत होते, कडेला मोहरीहून बारीक लाल ठिपके. कँकर, म्हणजे साल आणि लाकूड कुजवणारी बुरशी. चाकूने निरोगी लाकूड लागेपर्यंत खरवडलं, पण तपकिरी रेघ आत जातच राहिली, खोडाच्या पलीकडच्या बाजूपर्यंत. जानेवारी २०२२ मध्ये तोडलं. तीन वर्षांत त्या झाडाची एकूण नऊ फळं आम्ही खाल्ली. तुमचं घर केंटमध्ये असेल, माती मोकळी असेल, तर कॉक्स जरूर लावा. उत्तरेला किंवा चिकणमातीत असाल तर सनसेट लावा. कॉक्सच्याच बीपासून केंटमध्ये निघालेली, फळ जरा लहान, चव जवळची, प्रकृती ठणठणीत. कॉक्सच्या जागेपासून दोन मीटर सरकून मी तीच लावली आहे. जुन्या झाडाच्या खड्ड्यातच नवं सफरचंद लावलं तर ते खुरटतं, म्हणून सरकवलं.

म्हणजे हिशेब असा बसला: ऑगस्टला डिस्कव्हरी, सप्टेंबरअखेरपासून सनसेट, ऑक्टोबर-नोव्हेंबरला रसेट आणि ब्रॅम्ले थेट होळीपर्यंत, वर्तमानपत्रात एकेक गुंडाळून शेडमध्ये. महिन्यांप्रमाणे निवडा. तिन्ही झाडं सप्टेंबरची घेतलीत तर एका पंधरवड्यात शेजाऱ्यांच्या दारोदार पिशव्या घेऊन फिराल.

ब्रॅम्ले मुळात शिजवायची. कच्ची खाल्ली तर दात आंबतात. इंग्रज तिचे ॲपल पाय आणि क्रंबल हे भाजलेले गोड पदार्थ करतात, पण मला ती हवी आहे कैरीसाठी. मेथांबा करून पाहिला, तो फसला. ब्रॅम्ले शिजली की फोड राहत नाही, फेस होतो. कच्चीचा तक्कू मात्र असा होतो की आई इथे आली तेव्हा बाटलीभर बरोबर घेऊन गेली. किसायची, लगेच मीठ चोळायचं म्हणजे काळी पडत नाही, लाल तिखट, चिमूटभर मेथीपूड, गूळ, आणि वरून हिंग-मोहरीची गार केलेली फोडणी. फ्रिजमध्ये आठवडाभर राहतो. फोडणीच्या डाळीतही किसून घालते.

फळ धरलं की काम संपत नाही. जूनमध्ये फळगळ होते. झाड स्वतःच नको ती फळं टाकतं. त्यानंतरही मी विरळणी करते, एका घोसात एक, फार तर दोन. हात धजत नाही पहिल्यांदा. पण ठेवली तर सगळी लिंबाएवढी राहतात आणि पुढच्या वर्षी झाड सुट्टी घेतं. हापूस एका वर्षाआड धरतो ते आम्ही लहानपणापासून पाहिलंय. सफरचंदालाही ती सवय लागते, आणि ब्रॅम्लेला लवकर लागते.

माझा भाऊ रत्नागिरीहून विचारतो, "आपल्याकडे लावू का गं? हल्ली रोपं मिळतात." मिळतात. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या हरिमन शर्मांनी काढलेली एचआरएमएन-९९ उष्ण भागात फळते, त्यांना २०२५ मध्ये पद्मश्रीही जाहीर झाली. इस्रायलची ॲना, बहामाची डॉर्सेट गोल्डन याही थोड्या थंडीवर भागवणाऱ्या जाती. माझ्या झाडांना सात अंशांखालचे हजारेक तास लागतात, तेव्हा कुठे कळ्या नीट जाग्या होतात. भावाला मी म्हटलं, हौस असेल तर दोन जाती जोडीने लाव, पण आंबा तोडून त्या जागी नको.

गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये डावीकडच्या त्या काकू कुंपणापाशी आल्या. मी त्यांना डिस्कव्हरी देत असते, तक्कूची बाटलीही एकदा दिली होती. म्हणाल्या, "फरशीवर मोठी कुंडी ठेवायची आहे. फुलं दिसतील असं काही लहानसं झाड सुचव ना." मी हातातली कात्री खाली ठेवली. क्रॅब ॲपल, जॉन डाउनी, एम २७ वर, म्हणून सांगितलं. फुलं खूप दिवस टिकतात, पांढरीशुभ्र, आणि शरदात नारिंगी-लाल फळं, त्यांची जेली होते. नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी आम्ही दोघींनी मिळून ते लावलं. सांधा मातीवर चार बोटं ठेवला. त्यांच्या कुंडीपासून माझ्या ब्रॅम्लेच्या बुंध्यापर्यंत मधे दोन कुंपणं आणि एक वाळवणाची दोरी आहे. यंदा एप्रिलमध्ये त्यावर अठरा फुलं आली.